बत्तीस सेंटिमीटर दोरा, साडेबत्तीस तास

तिकीट छापून आणलं त्या संध्याकाळी सोसायटीतले एक काका लिफ्टमध्ये भेटले. कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि म्हणाले, "मुंबई पहाटे साडेचार, सॅन फ्रान्सिस्को दुपारी दीड. तेही त्याच दिवशी! नऊ तासांत अमेरिका?" मी तोंड उघडेपर्यंत चौथा मजला आला आणि काका उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ही बातमी अख्ख्या बी विंगमध्ये पोचली होती, आणि तिथून आमच्या आईंपर्यंत.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७६, पहिलाच विमानप्रवास. नणंद फ्रिमाँटला राहते, तिच्याकडे चार महिने राहायला निघालेल्या. ह्यांना रजा नव्हती, म्हणून पोचवायला मी. "नऊच तास? मग मी जेवूनच निघते, डबा कशाला?" त्या म्हणाल्या. शेवटी मुलाचा शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावरून काढला. आईंनी शिवणाच्या डब्यातला दोरा दिला. एक टोक मुंबईवर त्यांच्या अंगठ्याखाली, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर माझ्या. त्यांचा अंदाज असा की दोरा अरबस्तान, युरोप, अटलांटिक असा डावीकडून जाणार. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका तिकडेच असते ना! पण दोरा ताणला तसा तो सरकत सरकत वर गेला. मध्य आशिया, सैबेरिया, मग थेट गोलाच्या टाळूजवळून पलीकडे. "अगं, हा तर डोक्यावरनं चाललाय!"

दोरा मोजला, ३२ सेंटिमीटरला किंचित कमी. आमच्या गोलाचा घेर ९४ सेंटिमीटर आणि खऱ्या पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण ४२५ किलोमीटर. गुणाकार केला की साडेतेरा हजार. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर म्हणून छापलेला आकडाही तेवढाच, सुमारे १३,५०० किलोमीटर. आमचं तिकीट मात्र दुबईमार्गे होतं: मुंबई-दुबई सुमारे १,९३०, दुबई-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०४०. दुबईवरून दोरा धरला तर तो गोलाच्या वरच्या खिळ्यालाच अडकायला लागला. आईंनी तो दोरा गुंडाळून पर्समध्ये टाकला. का, ते विचारलं नाही.

गुरुवार, रात्री ८ : कर्वेनगर

मे महिना, रात्री आठलाही भिंती गरम. बॅगा सोसायटीच्या वजनकाट्यावर तीनदा चढून उतरल्या होत्या. आईंच्या मनगटावर त्यांचं जुनं, चावीचं एचएमटी. ते पुण्याच्याच वेळेवर राहणार, हे त्यांनी आधीच जाहीर केलं. "गोळ्या त्याच्यावर आहेत माझ्या."

लोहगाव घरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. तिथून का नाही, हा प्रश्न प्रत्येक पुणेकर आयुष्यात एकदा तरी विचारतो. हवाई दलाचा तळ, धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास; तेरा हजार किलोमीटरचं इंधन पोटात घेतलेल्या थोराड विमानाला पळायला ती अपुरी पडते. म्हणून आपण आधी मुंबई गाठायची. दीडशे किलोमीटर. चांदणी चौकातून बाहेर पडलो तेव्हा गाडीवाले दादा म्हणाले, "मॅडम, साडेअकराला सोडतो तुम्हाला."

खंडाळ्याच्या अलीकडे सगळे लाल दिवे. घाटात कंटेनर आडवा झाला होता. इंजिनं बंद झाली, माणसं गाड्यांतून उतरली, आणि कुठून कोण जाणे, अंधारातून शेंगा विकणारी दोन पोरं आली. आईंनी डबा उघडला. पोळी, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं गोड लोणचं. दादांनाही एक गुंडाळी दिली. दादा मुळशीकडचे, आठवड्यातून चार फेऱ्या मुंबई विमानतळाच्या करणारे. "अमेरिकेला जाणारे सगळे मला हेच विचारतात, किती वेळ लागेल," ते म्हणाले. "मी सांगतो, विमानाचं ते सांगतील. घाटाचं कोण सांगणार?"

टर्मिनलच्या दारात पोचलो तेव्हा एक पन्नास झाले होते. दीडशे किलोमीटरला पाच तास पन्नास मिनिटं. मी उड्डाणाच्या साडेआठ तास आधी निघाले म्हणून ह्यांनी चेष्टा केली होती. आता फोनवर गप्प होते. पुण्याहून जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: रात्रीचं विमान असेल तर घाटासाठी दोन तास जास्तीचे धरा. लवकर पोचलात तर विमानतळावर बसायला खुर्च्या आहेत. घाटात नाहीत.

शुक्रवार पहाट : मुंबई ते दुबई

व्हीलचेअरवरून आमचं घरी भांडण झालं होतं. "मी पर्वती चढते," आई म्हणाल्या होत्या. चढतात, खरंच. पण दुबईत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला पर्वतीच्या पायऱ्यांपेक्षा जास्त चालावं लागू शकतं आणि वर घड्याळ मागे लागलेलं असतं, म्हणून मी गुपचूप मागणी नोंदवली होती. (ही नोंद तिकिटासोबतच करा, निदान ४८ तास आधी, ऐनवेळी मागितली तर थांबावं लागतं.) खुर्ची ढकलणारा मुलगा चिपळूणचा निघाला. मग काय! आईंनी इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत त्याचं लग्न, त्याची आई, यंदाचा आंबा सगळं काढून घेतलं. दारात पोचल्यावर म्हणाल्या, "खुर्ची बरी आहे. गप्पा होतात."

साडेचारला उडालो, दुबईच्या घड्याळात सहा पाचला उतरलो. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे प्रवास तीन तास पाच मिनिटांचा. आईंच्या एचएमटीत सात पस्तीस. "अगं, घाटात ह्याच्या दुप्पट वेळ बसलो की आपण," त्या एवढंच म्हणाल्या.

तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, काका फसले ते इथेच. दोन वेळांची वजाबाकी करू नका. तिकिटावर एकूण प्रवासाचा कालावधी वेगळा छापलेला असतो, तो वाचा. तोही विमान जागेवरून हलतं तिथपासून पुन्हा जागेवर उभं राहतं तिथपर्यंतचा असतो, धावपट्टीवरची रांग धरून. आणि मधल्या थांब्याला अडीच तासांपेक्षा कमी वेळ असेल आणि सोबत म्हातारं माणूस असेल, तर दुसरं तिकीट शोधा. आम्हाला पावणेतीन तास होते. सुरक्षा तपासणी, विमानतळातली छोटी रेल्वे आणि एक मसाला चहा, एवढ्यात संपले.

शुक्रवार, रात्र नसलेला

दुबईहून आठ पन्नासला निघालो, सॅन फ्रान्सिस्कोला दुपारी दीड. कागदावर चार तास चाळीस मिनिटं. दोन्ही गावांच्या घड्याळांत अकरा तासांचा फरक, तो मिळवला की पंधरा तास चाळीस मिनिटं.

विमान दुमजली. आमच्या तिघांच्या ओळीत खिडकीशी मी, मध्ये आई, कडेला पांढऱ्याशुभ्र दाढीचे एक सरदारजी. जालंधरजवळच्या गावी भाचीचं लग्न उरकून परत निघालेले. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीला गेले, तेव्हापासून पीचच्या बागा. तिकडे पंजाबी बागायतदारांची चांगली मोठी वस्ती आहे. आईंचं हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. पण झाडांवर बोलायला तेवढं पुरतं.

"आपके उधर पाऊस कब आता है?"

"सर्दियों में, माताजी. गर्मी में एक बूंद नहीं."

हे आईंना काही केल्या पटेना. उन्हाळ्यानंतर पाऊस नाही? मग पेरायचं कधी? सरदारजींनी कालवे, सिएराच्या डोंगरांवरचा बर्फ, तो वितळून येणारं पाणी, सगळं हातवारे करून समजावलं. मी समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघत होते. इराण, कॅस्पियन समुद्राची कड, मग कझाकस्तान, उरल पर्वत, नोवाया झेम्लिया. घरच्या दोऱ्याने दाखवलेलीच वाट. आईंनी पर्समधून दोऱ्याची गुंडी काढून एकदा खात्री करून घेतली. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "बरोबर चाललाय."

खिडक्या सगळ्यांनी बंद केल्या होत्या. मी अधूनमधून बोटभर उघडून बघायची. मे महिन्यात ध्रुवाकडे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे आमच्या शुक्रवारला रात्र आलीच नाही. गंमत म्हणजे सूर्याने आम्हाला प्रदक्षिणा घातली. निघताना उजवीकडे होता, मग मागे, मग डावीकडे, उतरताना पुढे. खाली आर्क्टिकचा बर्फ. दुधावरची साय चमच्याने सरकवावी तशा त्याच्यात काळ्या भेगा. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत जवळजवळ १८० अंशांचा फरक असल्यामुळे सरळ वाट ध्रुवापासून दोनशेच किलोमीटरवरून जाते. नकाशावर ते समजतं. खिडकीतून बघताना मात्र पोटात खड्डा पडतो.

ध्रुवाजवळच कधीतरी मी सहज म्हटलं, "आई, उतरल्यावर खायच्या वस्तू सगळ्या दाखवायच्या हं. ताजं फळ, बी, रोप काहीही चालत नाही." आई गप्प. मग हळूच पर्समधून एक स्टीलचा डबा निघाला. रुमालात गुंडाळलेले सहा अंजीर! आईंचं माहेर पुरंदर तालुक्यातलं. मामा गुरुवारी सकाळीच बागेतले आणून देऊन गेले होते. "लेकीसाठी घेतलेत. नऊ वर्षांत खाल्ले नाहीत तिने." मला रागही येईना. दंड होऊ शकतो, टाकून तरी द्यावे लागतील, हे सांगितलं. आईंनी डब्याकडे बघितलं. मग एक उचलून सरदारजींपुढे धरला.

"हमारे भाऊ का बाग का है. खाओ."

सरदारजींनी अंजीर उलटंपालटं करून बघितलं, देठाशी दाबलं, वास घेतला, मगच चावलं. बागायतदार माणूस. म्हणाले, अंजीर आमच्याकडे फ्रेस्नोला होतात, पण बहुतेक सुकवायला जातात. एवढं पातळ सालीचं नाही बघितलं. आईंचा चेहरा असा फुलला की हवाईसुंदरीने थांबून विचारलं, आणखी काही हवंय का. सहाच्या सहा संपवले, दोन-दोन. खाली बर्फ, वर ऊन आणि बोटं चिकट.

याच बोलण्यात पुरंदरच्या विमानतळाचा विषय निघाला. मीच काढला, काल घाटात बसून डोकं उठलं होतं म्हणून. तो झाला तर आपला मुंबईचा हेलपाटा वाचेल, असं काहीतरी म्हणाले. मामांचं गाव नेमकं त्याच पट्ट्यात आहे हे माझ्या ध्यानात होतं, तरी जीभ घसरली. आईंनी रिकामा डबा पुसला आणि झाकण लावलं. "हो, वाचतील की चार तास," त्या म्हणाल्या. पुढे सैबेरियाएवढी शांतता.

गोळ्यांचं सांगते. आमच्या डॉक्टरांनी आईंना विमानात घड्याळ न बदलता पुण्याच्याच वेळेने गोळ्या घ्यायला सांगितलं होतं, नंतर पोचल्यावर हळूहळू सरकवायच्या. तुमच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा, कारण इन्सुलिनवाल्यांचं गणित वेगळं असतं. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. आणि दर दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत फेरी. आईंनी अकरा फेऱ्या घातल्या. "प्रदक्षिणा मोजायची सवय आहे मला."

शुक्रवारच, दुपारी

सॅन फ्रान्सिस्कोची धावपट्टी खाडीत घुसलेली. शेवटच्या मिनिटापर्यंत खाली पाणीच पाणी, आईंनी माझं मनगट घट्ट धरलेलं. चाकं टेकली तेव्हा एक तीस. सवयीने एचएमटीकडे नजर गेली. त्यात दोन वाजले होते.

मी दोनदा बघितलं. एवढा प्रवास आणि घड्याळ फक्त अर्ध्या तासाने चुकीचं? मग डोक्यात प्रकाश पडला. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. काट्यांच्या घड्याळाला बारा तास म्हणजे शून्य, उरला अर्धा. पुण्यात शनिवारची पहाट दोनची, इथे शुक्रवारची दुपार दीडची, आणि आईंचं घड्याळ दोन्हीकडे चालणारं. (हिवाळ्यात फरक साडेतेरा तासांचा होतो, तेव्हा ही गंमत नाही.) "मग बदलायचंच कशाला?" आई म्हणाल्या. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इमिग्रेशनला आईंच्या बोटांचे ठसे उमटेनात. साठ वर्षं भांडी घासलेली बोटं. अधिकारीण बाईंनी ओला टिश्यू दिला, पुन्हा दाबायला लावलं, तिसऱ्यांदा जमलं. खाद्यपदार्थ विचारले तेव्हा मी सरळ सगळं सांगितलं: गोडा मसाला, मेतकूट, पापड, बेसनाचे लाडू. बॅग यंत्रातून गेली आणि आम्ही बाहेर. जाहीर करून टाकायचं, लपवायचं नाही. ताजी फळं नाहीच. आंब्याचा मोह होतो सगळ्यांना, पण आपला हापूस २००७ पासून तिकडे जातो तो लासलगाव किंवा वाशीला विकिरण करून, पेटीवर शिक्का मारून. आपल्या बॅगेतल्या आंब्याला तो मान नाही.

बाहेर ताई उभी. मायलेकींचं पाच मिनिटं काही बोलणंच होईना. मग आई म्हणाल्या, "तुझे अंजीर आम्ही ध्रुवावर खाल्ले," आणि ताई हसता हसता रडायला लागली.

सॅन माटेओचा पूल ओलांडून फ्रिमाँट. अकरा किलोमीटरचा पूल, दोन्हीकडे खाडी. ताई कौतुकाने दाखवत होती. आपला अटल सेतू याच्या जवळजवळ दुप्पट आहे, हे मी मोठ्या कष्टाने पोटात ठेवलं. घरात शिरलो तेव्हा चार वाजले होते. कर्वेनगरच्या दारापासून इथल्या दारापर्यंत साडेबत्तीस तास. हवेत त्यातले पावणेएकोणीस.

शनिवार, रविवार

पहाटे तीनला आम्ही दोघी टक्क जाग्या. आईंनी लेकीच्या ओट्यावर उपमा केला, फोडणीच्या वासाने घरातला धूर-अलार्म किंचाळला, जावई चड्डीवर धावत आला. जेट लॅगवर इलाज एकच कळला: सकाळचं ऊन अंगावर घ्या आणि दुपारी कितीही डोळे मिटले तरी आडवं होऊ नका. मी आडवी झाले. आणखी दोन रात्री गेल्या.

रविवारी गोल्डन गेट. १९३७ चा पूल, दोन मनोऱ्यांमधलं अंतर १,२८० मीटर, आणि आम्हाला त्यातलं काहीही दिसलं नाही. पुढ्यात पांढरी भिंत, तिच्यातून भोंग्याचा आवाज. फ्रिमाँटहून उन्हात निघालो होतो, इथे तेरा-चौदा अंश आणि बोचरा वारा. समुद्राचं पाणी गार, आतल्या खोऱ्यात उकाडा, त्यामुळे धुकं त्या अरुंद तोंडातून आत ओढलं जातं. लोणावळ्याला जुलैत टायगर पॉइंटवर जाऊन आपण जे बघतो, तेच. मे-जूनमध्ये स्वेटर घेतल्याशिवाय जाऊ नका. नाहीतर तिथली महागडी जाकिटं घ्यावी लागतात. माझं लाल आहे.

मधले दिवस

बाकी स्थळदर्शन सगळे लिहितात, मी सोडते. मला आवडलं ते फ्रिमाँटचं लेक एलिझाबेथ. सकाळी नऊनंतर तळ्याभोवती आपल्याकडचे आजी-आजोबा चालत असतात. साडीवर बूट, डोक्याला माकडटोपी. तिसऱ्याच दिवशी आईंना कंपनी मिळाली. नाशिकचे एक आजोबा, सहा महिने इकडे, सहा तिकडे. मी विचारलं, इथून सॅन होजे किती लांब? म्हणाले, "पंचवीस मिनिटं. इथे अंतर विचारलं की वेळ सांगतात. मैल कोणी सांगत नाही." मग जरा थांबून, "संध्याकाळी पाचला विचाराल तर सव्वा तास."

"म्हणजे आमच्या घाटासारखंच," आई म्हणाल्या.

परतीचा प्रवास

बुधवारी मी एकटी निघाले. येताना वाट तीच, वेळही तेवढाच. युरोपला जाणाऱ्यांचं वेगळं असतं: पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरच्या वाऱ्यामुळे मुंबईहून लंडनला जायला जास्त वेळ, यायला कमी. आमची वाट उत्तर-दक्षिण, तिथे वाऱ्याची मदत नाही नि आडकाठीही नाही. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं. झोपले.

शुक्रवारी पहाटे अडीचला मुंबई, साडेतीनला गाडीत. दादा तेच. घाट चढायला लागलो आणि पुन्हा लाल दिवे. मेगाब्लॉक नाही, अपघात नाही, नुसतीच गर्दी. उकडत होतं. फोन वाजला.

"पोचलीस का गं?"

"नाही आई. खंडाळ्यात अडकलेय."

"परत?" पलीकडे ताईच्या ओट्यावर कुकरची शिट्टी झाली. "किती वाजले तिकडे?"

"साडेपाच."

"हो, साडेपाचच," त्या म्हणाल्या. "इथल्या भिंतीवर पाच आहेत. ते चुकतंय."